बारा नंबरचा लॉट

बरणीच्या तळाला काळा गाळ दिसला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजलेले आणि माझ्या हातात चहाचा ग्लास होता. ग्लास कुठेतरी ठेवला मी. बरणी उचलून खिडकीपाशी नेली, हलवली, परत बघितलं. गाळ होताच. वरचं पाणी लाल नव्हतं, जांभळं होतं, आणि बरणीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: लॉट बारा.

आता ही बरणी कसली ते आधी सांगायला हवं, नाहीतर मी एवढी का घाबरले ते कळायचं नाही. सत्त्याण्णव सालची गोष्ट आहे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत सरस्वतीबाई अभ्यंकरांचं छोटंसं युनिट होतं. बाई आधी ठाण्याच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या. नोकरी सोडून त्यांनी हा उद्योग मांडला. आम्ही पाच बायका कामाला. लघवीचे थेंब टाकले की बाईला दिवस गेलेत की नाहीत ते सांगणारी पट्टी आम्ही बनवायचो. परदेशी पट्ट्या तेव्हा होत्या, पण आमच्याकडच्या बायकांच्या आवाक्यात नव्हत्या. बाई म्हणायच्या, आपली पट्टी गल्लीतल्या दवाखान्यात पोचली पाहिजे.

पट्टीवर जी रेघ उठते तिचा रंग सोन्याचा असतो. मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसले होते. बाई म्हणाल्या, "मंजुळा, सोनं पिवळं दिसतं ते गळ्यात. तेच इतकं बारीक केलं की भिंगातूनही दिसणार नाही, तर ते पाण्यात लाल दिसतं. कण सुटे सुटे असले की लाल. एकमेकांना चिकटून गोळे झाले की जांभळे, निळे, आणि मग तळाशी काळा गाळ. आपला सगळा धंदा कण सुटे ठेवण्याचा आहे, एवढं लक्षात ठेव."

ते लाल पाणी बनवायचं काम माझ्याकडे होतं. मी बारावी सायन्स, पुढे शिकायला मिळालं नाही, पण हात चांगला होता माझा. मोठ्या काचेच्या चंबूत सोन्याच्या क्षाराचं पाणी उकळायचं, त्यात सायट्रेट एकदम ओतायचं आणि बघत बसायचं. पिवळसर पाणी आधी बिनरंगी होतं, मग काळपट, मग जांभळं, आणि मग हळूहळू कोकम सरबतासारखं लाल. त्या लाल पाण्यातल्या कणांवर औषध चढवायचं आणि ते पट्टीवर वाळवायचं. ज्या बाईला दिवस आहेत तिच्या लघवीत एक पदार्थ असतो, तो त्या कणांना धरून पट्टीवरच्या रेघेवर अडकवतो, आणि रेघ लाल उठते. पट्टीवर रेघा दोन. वरची नेहमीच उठते, पट्टी चालू आहे हे सांगायला. खालची उठली तर दिवस आहेत. नाही उठली तर नाहीत.

चंबू मात्र स्वच्छ पाहिजे. म्हणजे आपण भांडी घासून ठेवतो तसा स्वच्छ नव्हे. सोनं विरघळवणाऱ्या तेजाबाने धुवायचा, मग शुद्ध पाण्याने दहा वेळा. कसलाही क्षार राहिला, बोटाचा घाम राहिला, तरी कण एकमेकांना चिकटतात.

आणि मी काय केलं? दसऱ्याला चंबूला हळदीकुंकू लावलं.

मशिनची, हत्यारांची पूजा सगळेच करतात. आमच्या घरी जाळ्याची करतात, होडीची करतात. बाई दसऱ्याला भावाकडे पुण्याला गेलेल्या. जाताना सांगून गेल्या होत्या, "पूजा करा, पण काचेला हात लावू नका. टेबलाला लावा कुंकू." मी हो म्हटलं. मग सगळं मांडल्यावर मला वाटलं, टेबलाने काय केलंय? ज्या चंबूवर आपलं पोट चालतं त्याला सोडून टेबलाला कुंकू लावायचं हे काही माझ्या मनाला पटेना. चंबूच्या गळ्यावर कुंकवाची दोन बोटं ओढली, झेंडूचं फूल वाहिलं, नमस्कार केला. मालन म्हणाली, "अगं, बाईंनी नको सांगितलेलं ना?" मी म्हटलं, "धुवून टाकते की उद्या."

दुसऱ्या दिवशी धुतला, पण साबणाने. तेजाबाची पिवळी वाफ घशात जाते, दिवसभर खोकला येतो, आणि माझं आदल्या दिवसापासून डोकं दुखत होतं. ही काही सबब नाही, जे झालं ते सांगतेय. कुंकवात हळद असते आणि चुना असतो. चंबूच्या गळ्याला कुठेतरी तो राहिला असणार.

पाणी लाल झालं, पण नेहमीसारखं नाही. पांढरा कागद मागे धरून बघितलं, जांभळट झाक होती. मी ट्यूबलाइटला दोष दिला. खिडकीपाशी नेलं, झाक होतीच. मग मी ऊन तिरपं आहे म्हटलं. माणसाला स्वतःला फसवायचं असलं की किती सुचतं बघा.

बाई आल्या. विचारलं, "रंग कसा आलाय?"

"नेहमीसारखा आलाय, बाई."

बाईंनी माझ्या हाताखालचं काम उलटून तपासायचं कधीच सोडून दिलं होतं, इतका माझ्यावर विश्वास. तेच वाईट झालं.

तयार पट्ट्यांची चाचणीही मीच घ्यायची. त्यासाठी मालनची लघवी वापरायचो, तिला तिसरा महिना होता. नियम असा की ती दोनशे पट पातळ करायची, म्हणजे अगदी सुरुवातीचे दिवस असले तरी पट्टी दाखवते की नाही ते कळतं. बारा नंबरच्या लॉटला मी ती पातळ केलीच नाही, कारण पातळ केली तर काय दिसेल याची मला भीती वाटत होती. तशीच टाकली. मालनच्या तिसऱ्या महिन्यापुढे कुठलीही पट्टी बोलली असती. रेघ उठली, मी वहीत "पास" लिहिलं आणि पाकिटांवर बाराचा शिक्का मारला.

प्रत्येक लॉटचं थोडं पाणी नमुना म्हणून बरणीत ठेवायचो; बाराची ती बरणी मी सोळा दिवसांनी बघितली. मी दार लोटून घेतलं. मालनची सकाळची बाटली होती, ती पातळ केली आणि अकरा नंबरची एक पट्टी आणि बारा नंबरची एक, दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. पाच मिनिटं घड्याळ लावून बसले. अकरावर दोन रेघा. बारावर एक. दुसरी बारा नंबरची काढली, तिसरी काढली. एकच रेघ, एकच रेघ.

म्हणजे जिला नुकतेच दिवस गेलेत तिला ही पट्टी नाही म्हणून सांगते. हे मनात आलं, आणि पाठोपाठ रतन आली.

रतन माझी धाकटी बहीण. दिवा स्टेशनच्या पुढे खाडीकाठच्या गावात दिलेली, घरात मासळीचा धंदा. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि पोर नव्हतं. दर महिन्याला मी तिला पट्टी न्यायची, दर महिन्याला एक रेघ. नऊ दिवसांपूर्वी तिचे दिवस वर गेलेले म्हणून मी पट्टी नेली, तीही एक रेघ. ती मला म्हणाली, "जाऊ दे गो, चहा पी." मी पिशवीत चाचपून बघितलं, त्या पट्टीचं फाटलेलं पाकीट अजून तळाशी होतं. वर बाराचा शिक्का.

आता दिवस असले आणि पट्टीने नाही सांगितलं, तर काय मोठंसं झालं? महिन्याभराने कळलं असतं. पण तेवढंच नव्हतं. पाच दिवसांपासून रतनला थोडं थोडं अंगावर जात होतं आणि उजव्या बाजूला ओटीपोटात दुखत होतं. तिची सासू मनुबाई म्हणाली, बेंबी सरकली. आमच्याकडे बेंबी बसवायला आवडाबाईला बोलावतात. म्हातारी तेल लावून पोट चोळते, वर ओढते, हात लोखंडासारखा. पण आवडाबाई शहाणी बाई. दिवस गेलेल्या बाईच्या पोटाला ती बोट लावत नाही. कालच, रविवारी, मी स्वतः तिच्या दारात गेलेले सांगायला. तिने तीनदा विचारलं, "दिस तं नाय ना गो तिला? बघ हां, मी हात नाय लावायची."

"नाय गो काकी," मी म्हटलं. "मशिनवर बघितलाय मी. पक्का."

"तू सांगतंस तं मंग उद्या दुपारी येतंय."

उद्या म्हणजे आज. दुपार म्हणजे बारा. घड्याळात अकराला पाच कमी होते. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला तर अंगावर जातं आणि एका बाजूला दुखतं, हे बाईंनीच आम्हाला शिकवलेलं. पट्टीच्या कागदावर छापायला बाईंनी ते लिहिलं होतं आणि मी ते चारदा वाचलं होतं. नळी फुटली की रक्त पोटात जातं आणि बाई मरते, हेही शिकवलेलं. आणि तिथे आवडाबाई लोखंडी हाताने चोळणार होती.

बाई बाहेरच्या खोलीत बसलेल्या. त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि निघालं काय, तर "बाई, बहिणीला बरं नाहीये, मी जाते."

"जा, जा. चेहरा बघ कसा झालाय तुझा. रिक्षा कर."

बाई अशा चांगल्या वागल्या की मला ओरडावंसं वाटलं.

कोपऱ्यावरच्या पीसीओतून गावच्या किराणावाल्याला फोन लावला. पूर्ण गावात तो एक फोन. टूं टूं टूं. परत लावला. परत तेच. पीसीओवाला म्हणाला, "ताई, खाडीकडच्या लायनी शनिवारपासून बंद आहेत." शनिवारपासून! आणि मी काल तिथूनच आले होते, मला कुणी सांगितलं नाही. कोण सांगणार म्हणा, मला काय स्वप्न पडलेलं फोन करायला लागणार म्हणून.

रिक्षा केली. शीळफाट्यापर्यंत बरी गेली आणि फाट्यावर अडकली. ट्रेलर आडवा झालेला, तिन्ही बाजूंनी ट्रक, टँकर, एसटी, सगळे एकमेकांत घुसून हॉर्न मारत. रिक्षावाला इंजिन बंद करून पाय बाहेर काढून बसला. मी म्हटलं, "काढा ना दादा कुठून तरी." तो म्हणाला, "कुठून काढू? डोक्यावरून?" अकरा चाळीस झाले. मी उतरले आणि ट्रकांच्या मधून चालत सुटले, एका क्लीनरने शिवी घातली ती ऐकत. पलीकडे पोचून दुसरी रिक्षा धरली. रिक्षात मी सगळ्या देवांना एकेक करून विनवत होते, आणि मधेच आठवायचं की कुंकू लावताना पण मी हात जोडलेलेच होते.

गावात शिरले तेव्हा सव्वाबारा होऊन गेलेले. जाळी वाळत घातलेल्या मैदानातून पळत गेले. चप्पल एक निघून गेली, ती तशीच टाकली.

ओटीवर आवडाबाई बसलेली. कोपरापर्यंत तेल. हात मांडीवर उलटे ठेवलेले आणि नजर जमिनीवर.

"चोळलास?" मी विचारलं.

"दोन हात मारले फकस्त," ती म्हणाली. "तिसऱ्याला अशी वरडली, का मी हात काढला. असा पोट मी उभ्या जन्मात नाय बघितला. लाकूड झालाय." मग तिने मान वर केली. "मी तुला इचारला व्हता, मंजू. तीनदा इचारला व्हता."

मी आत गेले. रतन चटईवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. ओठ पांढरे. कपाळावर घाम, आणि हात लावला तर बर्फात ठेवलेल्या मासळीसारखा गार. मनुबाई तिचा उजवा खांदा दाबत होती. मला बघून म्हणाली, "बघ ना गो, पोटाचा दुखना सोडून आता खांदा दुखतो म्हनते. हा काय नवीन?"

काय नवीन ते मला ठाऊक नव्हतं, पण बरं नाही एवढं कळत होतं. रतनचा नवरा दामाजी मागच्या दारी टेम्पो धूत होता. बोटीवरची मासळी ठाण्याच्या बाजारात न्यायचा तो टेम्पो. मी त्याला ओरडून सांगितलं, गाडी काढ, आत्ताच्या आत्ता. चांगला माणूस दामाजी, का म्हणून विचारलं नाही. क्रेट बाहेर फेकले, गोधडी टाकली आणि रतनला उचलून मागे निजवली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मनुबाई पायाशी बसली.

मुंब्रा, कळवा, खड्डे. प्रत्येक खड्ड्याला रतन कण्हायची. कळव्यानंतर कण्हायची थांबली, तेव्हा मला जास्त भीती वाटली. तिच्या नाकाशी बोट धरून मी श्वास बघत होते. टेम्पो हादरत होता म्हणून नीट कळत नव्हतं. मनात एकच चाललेलं: डॉक्टर ओळखतील. डॉक्टर हुशार असतात, बघितल्याबरोबर ओळखतील, मला काही बोलावं लागणार नाही. हो, हे पण आलं मनात. बहीण मांडीवर मरत होती आणि मी स्वतःला कसं वाचवायचं ते बघत होते. खोटं कशाला सांगू.

ठाण्यातल्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये नेलं. डॉक्टर बाईच होत्या, तिशीच्या असतील, कामसू. पटापट बघितलं, नाडी, बीपी, सलाइन लावलं. मला विचारलं, "दिवस गेलेत का?"

"असतील," मी म्हटलं. "वर गेलेत दिवस."

"नर्स, यूपीटी करा."

नर्सने नळी घालून लघवी काढली आणि कपाटातून एक पाकीट आणलं. चंदेरी पाकीट, हिरवी अक्षरं. आमचंच पाकीट. महिन्यापूर्वी बाईंनी कौतुकाने सांगितलेलं, ठाण्यातले चार दवाखाने आपल्या पट्ट्या घ्यायला लागलेत. नर्सने ते फाडलं, ट्रेवर टाकलं, आणि मला शिक्का दिसला. बारा.

पाच मिनिटं. मी त्या पट्टीकडे बघत उभी. पाणी वर चढलं, वरची रेघ उठली. मी मनात म्हणत होते, उठ, खालची उठ, एकदा उठ गं बाई. पट्टीला म्हणत होते. मीच केलेली पट्टी, तिला काय येतं आणि काय नाही ते जगात फक्त मला माहीत, आणि तरी विनवत होते.

एक रेघ.

"निगेटिव्ह," डॉक्टर म्हणाल्या. दामाजीकडे वळल्या. "प्रेग्नन्सी नाहीये. अपेंडिक्स फुटलं असणार. सर्जन कल्याणला आहेत, पाच वाजेपर्यंत येतील. तोपर्यंत अँटिबायोटिक सुरू करते. घाबरू नका."

दामाजीने मान हलवली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन वाजले होते. पाच वाजेपर्यंत रतन राहणार नव्हती, हे मला तिच्या नखांवरून दिसत होतं.

"डॉक्टर," मी म्हटलं. त्या दाराकडे वळल्या होत्या. परत म्हटलं, "डॉक्टर, ती पट्टी खोटी आहे."

"म्हणजे?"

"खराब लॉट आहे. थोडे दिवस असले तर दाखवत नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

मनुबाई माझ्याकडे बघत होती. दामाजी बघत होता. नर्सही थांबली.

"मी बनवलीय," मी म्हटलं. "मी त्याच कंपनीत कामाला आहे. रंग बिघडला होता, मला कळलं होतं, मी कुणाला सांगितलं नाही. घरी पण हिला मी हीच लावली आणि नाही म्हणून सांगितलं."

डॉक्टर बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला वेड लागलंय का हे ठरवत होत्या. मी पुढे झाले, ट्रेमधली पट्टी उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. "ही वरची रेघ बघा. ही लाल पाहिजे. ही जांभळी आहे. सोनं चिकटलंय एकमेकांना. तुमच्याकडे जुनी पट्टी असेल, अकरा नंबरची, ती लावून बघा."

नर्सने कपाटात शोधलं. नव्हती, सगळी बाराच. डॉक्टर पट्टी घेऊन खिडकीपाशी क्षणभर उभ्या राहिल्या. मग पट्टी टाकून दिली आणि म्हणाल्या, "सुई लावून बघते. पोटात रक्त असेल तर सुईत येईल. सगळे बाहेर व्हा."

बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो. मनुबाई माझ्यापासून सरकून दुसऱ्या टोकाला बसली. दामाजी बसला नाही, उभाच. दोन-तीन मिनिटं गेली असतील. दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आल्या, हातात सिरिंज, तिच्यात काळपट रक्त. "नळी फुटलीय. मी स्वतः उघडते, सर्जनसाठी थांबत नाही. रक्त लागेल, कोण देतंय?" दामाजीने बाही वर केली.

काउंटरवर फोन होता. मी युनिटचा नंबर फिरवला. बाईंनी उचलला. मी सगळं सांगितलं, कुंकवापासून. साबण सांगितला, मालनची पातळ न केलेली बाटली सांगितली.

"बहीण कशी आहे?" बाईंनी विचारलं.

"आत घेतलंय."

"बरं. किती पाकिटं बाहेर गेलीत ते वहीत आहे ना?"

"आहे."

"मी आणि मालन निघतो. आज जेवढी दुकानं होतील तेवढी, उरलेली उद्या." मग म्हणाल्या, "मंजुळा, त्या दिवशी मी तुला रंग विचारला होता."

"जांभळट होता, बाई."

"हं," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऑपरेशन दीड तास चाललं. तो दीड तास कसा गेला ते मी सांगू शकत नाही. दार वाजलं की उठायची, नुसती नर्स बघून बसायची. पोटातून दोन लिटर रक्त काढलं, उजवी नळी काढली. डॉक्टर बाहेर येऊन दामाजीला म्हणाल्या, वाचली, आणखी तासभर उशीर झाला असता तर हातात काही नव्हतं. दामाजी भिंतीला टेकून रडला. मनुबाईने पाण्याचा तांब्या दामाजीला दिला, मग स्वतः प्यायली, आणि मग खाली ठेवला. माझ्यापुढे केला नाही.

मी डॉक्टरांना गाठून विचारलं, "मी वेळेवर कळवलं असतं, पट्टी बरोबर असती, तर पोर राहिलं असतं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "नळीतला गर्भ राहत नाही. कधीच राहिला नसता. पण ही वेळ आली नसती." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बोललात ते बरं केलंत." पण मला त्यांच्या पहिल्या वाक्याचा एवढा आधार वाटला की मी ते घट्ट धरून ठेवलं. रतन उठली की हेच सांगायचं ठरवलं. कधीच राहिला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती नीट शुद्धीवर आली. तिला सगळं कळलं होतं, दामाजीने सांगितलेलं. मला आत पाठवलं. मी कॉटपाशी उभी राहिले. चेहरा अजून पांढरा, पण ओठांना जरा रंग आलेला. मी तिचा हात धरणार होते, पण त्याला सुई लावलेली.

"मंजे," ती म्हणाली. आवाज बारीक. "म्हंजे मना दिस गेले व्हते?"

"होते."

"खरंच?"

"हो गो. पण रतन, ऐक, ते नळीत होतं. डॉक्टर म्हणाल्या ते राहणारच नव्हतं, पट्टीने सांगितलं असतं तरी..."

"ते सांगितला मना दामानी." तिने मला मधेच थांबवलं. छताकडे बघत होती. सहा वर्षांत तिला मी पट्टीकडे बघताना कितीदा पाहिलं होतं, पण असा चेहरा कधी बघितला नव्हता. हसत होती म्हणावं तर हसत नव्हती. "व्हता तरी, नाय का? माझ्या पोटात व्हता."

"होता."

"तू पट्टी लावलीस त्याला दहा दिस झाले ना?"

"दहा."

तिने मोकळ्या हाताने पोटावरची चादर सरळ केली. मग ती म्हणाली, "तू मना चुलीत ढकलली असतीस ना मंजे, तरी मी तुला माफ केला असता. मेली असती तं मेली असती. पन दहा दिस माझ्याकडं व्हते. दहा दिस मी आई व्हते, नि मना कुनी सांगितला नाय. मी रोज मासली निवडत बसलेली."

डॉक्टरांचं वाक्य मी एवढं घट्ट धरून ठेवलेलं, ते परत काढलं नाही.

तिला पाठ फिरवायची होती, पण टाक्यांमुळे कुशीवर होता येत नव्हतं. म्हणून तिने नुसती मान भिंतीकडे वळवली. नर्स आली, सलाइन बघितलं आणि मला म्हणाली, "पेशंटला बोलायला लावू नका." मी बाहेर आले.